नऊनंतरचा पूल

नऊ वाजले की आयसल नदीवरचा पूल माझा.
मी, आणि डिसेंबरपासून कोणीच न्यायला न आलेली
एक सायकल. तिच्या सीटवर बर्फाची टोपी.
खिशात दंडाचं यंत्र, माणशी पंचाण्णव युरो.
सूट कोणाला, ते मला झोपेतही पाठ:
कुत्रा फिरवणाऱ्या माणसाला आहे,
पण माणूस एकटा हवा, आणि कुत्रा पट्ट्याला.

रविवारी स्क्रीनवर माझी बहीण येते, मार्लाईन,
वृद्धाश्रमाची रात्रपाळी डोळ्यांखाली घेऊन.
शेजारी तिचा नवरा योप. त्याच्या कॅफेतल्या खुर्च्या
ऑक्टोबरपासून टेबलांवर डोकं खाली करून आहेत.
योप म्हणतो, लस कुठंय?
दारं लावायला हात केवढे चपळ,
आणि सुई उचलायला समिती!
वरात केव्हाच गेली, घोडं अजून फॉर्म भरतंय.
ती म्हणते, बारा नंबरच्या खोलीत काल...
मग म्हणत नाही.
मग म्हणते, नऊला दारं लावून
एक जरी खोली रिकामी व्हायची वाचली, तरी मला चालेल.
तो म्हणतो, आकडा दाखव.
ती म्हणते, आकडा नसतो रे तिथं.
चष्मा असतो. उशाशी. घडी घातलेला.

तुझं काय मत, दोघं मला विचारतात.
आवाज तुटतोय, मी म्हणतो.

फेब्रुवारीत कालवे गोठले. दिवसा अख्खं डेव्हेंटर
बर्फावर घसरत होतं, खांद्याला खांदा,
अंतर मोजायला कोणीच पट्टी आणली नव्हती.
त्यानंतरच्या मंगळवारी कोर्ट म्हणालं,
ही संचारबंदी कायद्यात बसत नाही.
संध्याकाळी वरचं कोर्ट म्हणालं, तूर्त बसू द्या.
मधल्या वेळात मी गणवेश खुंटीला टांगून
वाटाण्याचं सूप केलं. जरा करपलं.

बेरेंड वेसेलिंक, वय शहाऐंशी,
रोज रात्री साडेनऊला टूसला घेऊन यायचे.
टूस म्हणजे तपकिरी, मागच्या पायांनी अधू,
प्रत्येक दिव्याच्या खांबाची कसून चौकशी करणारी.
लसीचं विचारलं की म्हणायचे,
पत्र आलं: फोन करा.
फोन केला: पत्राची वाट पाहा.
आणि हसायचे, दात घरी विसरलेलं हसू.

एकदा म्हणाले, युद्धानंतरची पहिली बंदी
असं सगळे टीव्हीवर सांगतात. मी होतो तेव्हा, दहा वर्षांचा.
तेव्हा दारावर थाप पडू नये म्हणून आई दिवा विझवायची.
आता मी दिवा लावून बसतो,
कोणीतरी थाप मारावी म्हणून.
मग टूसला म्हणाले, चल गं, याला ड्युटी आहे.

मार्चमधल्या एका रात्री ते आले,
हातात पट्टा. पट्ट्याच्या टोकाला काही नाही.
नऊ चाळीस. वारा नदीकडून.
टूस?
पुढे गेली, ते म्हणाले.
पट्टा त्यांनी अजून त्याच उंचीवर धरला होता,
थोडा ताणून.

यंत्र खिशातच राहिलं.
नोंदवहीत लिहिलं: एक इसम, कुत्र्यासह.

पण पाऊण तासापूर्वी, याच कठड्यापाशी,
मी एका पोराची पावती फाडली होती.
एकोणीस-वीसचा. हात खिशात, तोंडातून वाफ.
कारण विचारलं तर म्हणाला, काही नाही, असाच.
त्याचंही कोणी पुढे गेलं असेल.
दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं.
विचारलं नाही.

लसीची तारीख एप्रिलची मिळाली वेसेलिंकना.
बंदी आता दहाला लागते, म्हणून ते साडेदहाला येतात.
मी कठड्याला टेकून नदीकडे बघतो,
रविवारी काय बोलायचं ते जुळवत,
आणि मागे त्यांची पावलं ऐकतो:
प्रत्येक खांबापाशी थांबतात,
तिला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ.